कोपऱ्यातला खोटा इशारा

प्रश्न : वडिलांच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात सारखं येतं, ‘मॅकॅफीची मुदत संपली, ५ व्हायरस सापडले’. मॅकॅफी हे अँटिव्हायरस आम्ही कधी घेतलंच नाही. परवा तर अख्खा स्क्रीन निळा झाला, भोंगा वाजायला लागला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं. फॉरमॅट मारावा लागेल का?

उत्तर : नाही. ही दोन्ही सोंगं बहुधा ब्राउझरचीच आहेत. इशाऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘गूगल क्रोम’ आणि एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसला, तर अँटिव्हायरसचा काही संबंध नाही. ‘तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाउ दाबा’ असं सांगून कुठल्या तरी साइटने परवानगी काढून घेतलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगीच्या यादीतून ती साइट काढून टाका. बहुतेक घरांत एवढ्यावर काम भागतं.

भोंगा वाजला की एस्केप काही सेकंद दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, एंड टास्क. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ अजिबात दाबू नका, तेच पान परत येतं. आणि वडिलांना एवढं पक्कं सांगून ठेवा : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

इशाऱ्यावर क्लिक करून काही डाउनलोड झालं असेल, तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथली यादी तारखेनुसार लावा आणि त्या दिवसाचं अनोळखी ॲप काढा. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन चालवा. साधारण १५ मिनिटं लागतात. मशीन स्वतः रीस्टार्ट होतं, तेव्हा उघड्या फायली आधी सेव्ह करा. विंडोज सुरू होण्याआधीच हा स्कॅन चालतो, त्यामुळे एरवी लपून बसणारा प्रोग्रामही सापडू शकतो.

त्या नंबरवर फोन करून समोरच्याला स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर मात्र क्रम बदला. आधी वायफाय बंद, मग ताबा देण्यासाठी टाकलेलं रिमोट ॲप काढा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नको. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधीच ती गोठवता येते. काही दिवसांनी ‘रिफंड देतो’ म्हणून फोन आला, तर तोही उचलून बोलत बसू नका.