भोपळ्याचा वेल उभा चढवताना

ताई, अंगण लहान आहे म्हणून लाल भोपळा टाळू नका, तो जाळीवर उभाही येतो. आपल्या परभणीकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात टेकलेलं फळ खालून सडतं, लटकलेलं वाचतं.

मृगाचा चांगला पाऊस झाला की बी टोका, पण बांबू आधीच रोवा, दीड फूट आत. नंतर ठोकलात तर मुळं तुटतात. वेल तणाव्यांनी धरतो, तरी सुतळीनं सैल बांधत चला.

पहिली फुलं गळली म्हणून घाबरू नका (मी घाबरले होते, खतही ओतलं उगीच!). ती नर फुलं असतात. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवा. दुपारपर्यंत फूल मिटतं. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं.

फळ नारळाएवढं झालं की जुन्या लुगड्याची झोळी करून बांबूला बांधा, वेलाला नाही. माझा एक भोपळा भाद्रपदात रात्री धपकन पडला आणि निम्मा वेल घेऊन आला.