झाबी अलोन्सो लगेच एवढा यशस्वी कोच कसा झाला? नशीब की टीमच भारी होती?

प्रश्नातला "लगेच" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. तुमचं म्हणणं असं की जर्मनीतली लेव्हरकुसेन ही मॅनेजर म्हणून त्याची पहिलीच मोठी टीम, आणि तिथे दुसऱ्याच सीझनला अख्खी लीग न हरता जिंकली, मग हे नशीब नाही तर काय. मला विचाराल तर स्पेनच्या ह्या जुन्या मिडफिल्डरच्या अख्ख्या करिअरमध्ये "लगेच" असं काही नाहीच.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठांच्या मॅचेस बघत मोठा झालो, आणि स्वतः मधल्या फळीत खेळायचो. पब्लिक नाव ओरडतं ते गोल मारणाऱ्याचं, मधल्याने बॉल कुठून काढून दिला ते कोण बघत नाही. म्हणून मी टीव्हीवर कायम अलोन्सोकडेच बघायचो. 2005 ची चॅम्पियन्स लीग फायनल, इस्तंबूल, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, हाफटाइमला ह्याचं लिव्हरपूल एसी मिलानच्या 3-0 मागे, आणि सेकंड हाफमध्ये सहा मिनिटांत 3-3. त्यातला तिसरा ह्याचा, पेनल्टी मिलानचा कीपर दिदाने अडवली आणि परत आलेला बॉल ह्याने डाव्या पायाने वर जाळीत घातला. वय 23. पुढच्या सीझनला ल्युटनविरुद्ध कपच्या मॅचमध्ये त्यांचा कीपर पुढे आलेला बघून स्वतःच्या हाफमधून रिकाम्या गोलात बॉल टाकला. असले गोल जोरावर होत नाहीत, बॉल पायात यायच्या आधीच कुठे काय मोकळं आहे हे डोक्यात असावं लागतं.

हे घरातून आलेलं. वडील पेरिको अलोन्सो स्वतः मिडफिल्डर, रियल सोसिएदादबरोबर लागोपाठ दोन लीग जिंकलेले, नंतर बार्सिलोनाबरोबर अजून एक. आत्ताचा आर्सेनलचा कोच मिकेल आर्टेटा तर लहानपणी सान सेबास्तियानला ह्याच्याच टीममध्ये खेळायचा! आणि पुढे कोच कोण कोण मिळाले बघा: टोशॅक, बेनितेझ, मोरिन्यो, अँचेलोटी, गार्डिओला, स्पेनकडे अरागोनेस आणि देल बोस्के. एवढ्या वेगवेगळ्या डोक्यांच्या हाताखाली खेळून, वर्ल्डकप आणि दोन युरो जिंकूनसुद्धा, त्याने मिरवलं नाही. टॅकलबद्दल त्याचं मत तर मला फार पटतं, की टॅकल करावी लागणं हा शेवटचा उपाय आहे, ती शिकवायची मुख्य गोष्ट नव्हे. आमच्याकडे पोरांना पहिल्या दिवसापासून "पाय घाल" शिकवतात आणि मग चौदाव्या वर्षी गुडघा गेलेला असतो, असो.

आता कोचिंगचं. 2017 ला जर्मनीतल्या बायर्न म्युनिकमध्ये रिटायर झाला. नाव एवढं मोठं की कुठलाही क्लब दारात उभा राहिला असता. पण हा गेला कुठे, तर रियल माद्रिदच्या 14 वर्षांखालच्या पोरांना शिकवायला. तिथून 2019 ला सोसिएदादच्या बी टीमकडे, आणि तिथे तीन वर्षं राहिला. 2021 ला ती टीम सेकंड डिव्हिजनला चढवली, जी जवळपास साठ वर्षांत तिथे पोचली नव्हती, आणि पुढच्याच वर्षी खाली घसरली. हे रेलिगेशन लोक विसरतात. मधे जर्मनीतल्या क्लबमध्ये जाणार म्हणून चर्चा झाली तरी हा पोरांबरोबरच थांबला.

ऑक्टोबर 2022 मध्ये लेव्हरकुसेन हातात आलं तेव्हा ते 18 टीमांत 17 वे होते, 8 मॅचमध्ये 5 पॉइंट. भारी टीम म्हणता ती ही. मुळात ह्या क्लबची ओळखच दुसरे येणारे अशी, 2002 मध्ये लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग फायनल तिन्ही हातातून गेलेले. त्या सीझनला ह्याने सहावा नंबर आणला. मग उन्हाळ्यात ग्रिमाल्डो फुकटात आणला, बोनिफेस आणला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आर्सेनलहून ग्रानिट झाका. मागे तिघे, दोन्ही बाजूंना फ्रिम्पाँग आणि ग्रिमाल्डो वर धावणार, व्हिर्ट्झला पुढे मोकळीक, आणि झाका बरोब्बर तिथे उभा जिथे अलोन्सो स्वतः उभा राहायचा. शेवटच्या मिनिटांना गोल व्हायचे त्याला लोक नशीब म्हणाले. पण एकदा दोनदा ठीक आहे हो, सीझनभर नशीब कसं पुरेल? 85 व्या मिनिटालाही ते बॉल घाबरून उडवत नव्हते, छोटे छोटे पास देत समोरच्याला दमवत होते, मला तरी कारण हेच दिसतं. युरोपा लीगमध्ये रोमाविरुद्ध 97 व्या मिनिटाला स्टानिशिचचा गोल झाला तेव्हा मी घरात एवढा ओरडलो की आई उठून आली.

लीगमध्ये 28 विजय, 6 बरोबरी, पराभव शून्य. बायर्नची सलग 11 वर्षांची मक्तेदारी मोडली, आणि क्लबच्या 120 वर्षांतलं हे पहिलं लीग टायटल. ह्याच्या मधोमध, मार्च 2024 ला, लिव्हरपूल आणि बायर्न दोघांकडे जाणार म्हणून बातम्या असताना ह्याने सांगितलं मी अजून एक वर्ष इथेच आहे, माझं काम संपलेलं नाही. रियल माद्रिदला गेला तो 2025 ला, ते प्रकरण वेगळं, त्यावर वेगळा प्रश्न टाका.

सगळं काही जिंकला असंही नाही. डब्लिनला युरोपा लीगच्या फायनलमध्ये इटलीच्या अटालांटाने 3-0 हरवलं, लुकमनने तिन्ही गोल केले, आणि सगळ्या स्पर्धा मिळून 51 मॅचचा न हरण्याचा सिलसिला तिथे तुटला. तीनच दिवसांनी बर्लिनला जर्मन कपची फायनल, समोर कायझर्सलाउटर्न, हाफटाइमच्या आधीच एक खेळाडू रेड कार्डवर बाहेर. तरी 1-0 जिंकले. गोल झाकाचा, लांबून, डाव्या पायाने.