सांगली-सातारा बोलायचंय? वॉकीटॉकी नको, तार बांधा

पलूसच्या भाऊंचा प्रश्न आहे की महापुरात मोबाइल टॉवर बंद पडले तर साताऱ्यात दिलेल्या बहिणीशी बोलायला कुठली वॉकीटॉकी घ्यावी. माझं उत्तर: कुठलीच नको. हातातला ५ वॉटचा सेट १४५ मेगाहर्ट्‌झवर जवळपास नजरेच्या रेषेत चालतो. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ठीक आहे, मध्ये डोंगर आला की खेळ खल्लास. खोक्यावर छापलेल्या किलोमीटरवर जाऊ नका.

तुमचं काम हॅम रेडिओचं, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओ सेटचं, आणि तेही ४० मीटर बँडचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झचं. साधारण १० मीटरच्या दोन तारा, मधून खाली कोअॅक्स केबल, झाला डायपोल अँटेना. हौशी मंडळी लगेच उंच खांब शोधतात. इथे उलट आहे. तार गच्चीवर तीन-चार मीटरवर आडवी ताणली की लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरतात. डोंगर आडवा येतच नाही. हे दिवसाचं झालं. रात्री ४० मीटर बँडवर जवळचं स्टेशन गायब होऊन लांबची ऐकू येतात. तेव्हा ८० मीटर बँडवर उतरायचं, त्याला तार दुप्पट लागते.

सोलरच्या भरवशावर राहू नका. कृष्णा फुगते तेव्हाच आठ-आठ दिवस ऊन नसतं. ट्रॅक्टरची बॅटरी बरी, डिझेल असेपर्यंत चार्ज होते. फक्त ऐकत बसलात तरी असा सेट अंदाजे एक अँपिअर ओढतो, १०० वॉटवर बोलताना वीस अँपिअरच्या आसपास. म्हणून २० वॉटवर बोला आणि वेळ ठरवून घ्या: दर तीन तासांनी पहिली दहा मिनिटं, बाकी सेट बंद.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला गेलं की सगळं सामान वरच्या मजल्यावर. ४५ फुटांची, म्हणजे धोका पातळीची वाट बघू नका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

परवान्याशिवाय मात्र यातलं काही करू नका. दूरसंचार विभागाची परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या परवान्याला, मोर्स कोड लागत नाही, वय १२ पूर्ण हवं. आणि परवाना ताईंनाही लागेल, हे बहुतेक जण विसरतात. आधी दोघांचे अर्ज विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरा. सेटचं मॉडेल नंतर बघू, तेव्हा बजेट सांगा.