एच. पायलोरीचा १४ दिवसांचा कोर्स केल्यावर अ‍ॅसिडिटी कायमची जाते का?

कोर्स नीट पुरा केलात तर एच. पायलोरी हा जठरातला जंतू बहुतेकदा जातो. अ‍ॅसिडिटी जाईलच असं नाही, ते खाली लिहिते. पण 'घरचे म्हणतात, मासे आणि तिखट सोडलं असतंस तर ही वेळ आली नसती' हे तुमचं वाक्य वाचून मला राहवलं नाही.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ. आईला १५ वर्षं 'पित्त'. रात्री दोनला उठायची, पोटात आग पडलीय म्हणायची, मीठ घालून वाटीभर पेज प्यायली की तासभर बरं. मुंबईचा दादा दर गणपतीत येऊन एकच सांगायचा, तुझं तिखट बंद कर. तिने केलं. आधी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं गेलं, मग सुकी मासळी, मग सोलकढीसुद्धा. शेवटी पानात पेज आणि उकडलेला दुधी. दुखणं होतं तिथंच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवरची माटवी बांधताना ती भोवळ येऊन पडली. हिमोग्लोबिन ६. दुर्बीण घातली तर जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर, त्यातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी जठरातला कणभर तुकडा पिवळ्या औषधात टाकला आणि बाटली माझ्या हातात दिली. थोड्या वेळात ती गुलाबी झाली, म्हणजे एच. पायलोरी होता. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याच्याच आडोशाने आम्लात तग धरतो. रंग बदलला तो त्या अमोनियाने.

जठराच्या खालच्या भागात तो ठाण मांडून बसला की आम्लाला लगाम घालणारं सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक कमी पडतं, आम्ल सोडायला लावणारं गॅस्ट्रिन वाढतं आणि आम्ल सुटत राहतं. बांगड्याचा यात काय संबंध? ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी हा जंतू १९८२ मध्ये पर्थला वाढवून दाखवला, १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतः पिऊन पाहिला, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आणि माझ्या आईला १५ वर्षं नुसत्या पित्ताच्या गोळ्या! तपासणी करा असं एकानेही सांगितलं नाही.

आता तुमचं. एकही गोळी चुकवू नका, तोंडाला धातूसारखी चव आली तरी. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. तिच्याआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) बंद हवं, डॉक्टरांना विचारून. छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी हा रिफ्लक्स, अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडल्याचा. तो कोर्सने जात नाही. जंतू गेल्यावर काहींना उलट जास्त जाणवतो. रात्रीचं जेवण लवकर घ्या, उशाकडची बाजू उंच करा. तिखटाने ज्याची छाती खरंच जळते त्याने ते कमी करावं, एवढं मान्य. आई गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्याही खायची, त्यानेही अल्सर होतो, हे दादाचं म्हणणंही खरं.

पण कोर्सनंतर आईची तपासणी निगेटिव्ह आली त्या दिवशी तिने तिरफळं ठेचून स्वतः तिखलं केलं. दादा शेजारच्याच पानावर होता. त्या रात्री ती उठली नाही. तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा.

आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. काहींच्या कोर्समध्ये असते त्या बिस्मथच्या गोळीनेही काळं होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. आईने आठ दिवस लपवलं होतं, गणपती तोंडावर आहेत म्हणून.