नववी पुन्हा करायची का, हे ठरवण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सावकाश वाचला. भावाचे गुण बघितले: गणित 19, विज्ञान 27, इंग्रजी 24, बाकी सगळ्या विषयांत पास. शाळा म्हणते, नववी पुन्हा करा, नाहीतर दाखला काढून 17 नंबरचा फॉर्म भरा. वडील म्हणतात, ‘जाऊ दे त्याले वावरमा.’ आई गप्प. आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली तूच, म्हणून सगळ्यांनी निर्णय तुझ्यावर सोपवलाय. हे ओझं तुझ्या वयाला जड आहे, ते मला कळतं. पण तू विचारलंस ते बरं केलंस.

आधी एक सांगते. या आठवड्यात काहीच ठरवू नका. निकाल 1 मेला लागला, शाळा जूनच्या मध्यावर भरते. मध्ये महिन्याहून जास्त वेळ आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आलेले पाहुणे, मामा, आत्या, शेजारचे काका, सगळे आता सल्ले देतील. ऐकून घे, पण हो-नाही काही म्हणू नकोस. निकालाच्या रागात घेतलेले निर्णय मुलांच्या अंगाला फार वर्षं चिकटून राहतात. मी शिक्षिका म्हणून ते पाहत आले आहे.

आता 17 नंबरचं. हा खाजगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसायचा फॉर्म आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली, जे कामाला लागले, लग्न होऊन गेल्यावर ज्या मुलींना दहावी करायची आहे, त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. किती तरी बायांना तो भरायला मी स्वतः लावलंय. पण पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेबाहेर काढण्यासाठी तो नाही. दाखला हातात आला की रोजची शाळा गेली, शिक्षक गेले, प्रयोगशाळा गेली, मित्र गेले. कापसाच्या दिवसात घरी असलेला पोऱ्या पुस्तक उघडेल का, तूच सांग. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्ची मुलं आधीच बाजूला काढायची सवय काही शाळांना लागली आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं. वडिलांना स्पष्ट सांग की दाखल्याच्या अर्जावर सही करायची नाही. हे एवढं मात्र आजच सांग.

म्हणजे रस्ते उरले दोन, नववी पुन्हा किंवा दहावीत पुढे. बहुतेक घरांत हा प्रश्न ‘वर्ष वाया जाईल का’ असा विचारला जातो. मला तो तसा विचारावासा वाटत नाही. वर्षाचं फार भय बाळगू नका. पोलीस भरतीची मर्यादाच खुल्या गटाला 28 वर्षांपर्यंत आहे, आणि पुढे नोकरी देताना तू नववी किती वर्षांत केलीस हे कोणी विचारत नाही. विचारायचं ते हे की त्याचं नेमकं काय राहून गेलंय, आणि नववी पुन्हा केल्यानं ते भरून निघेल का?

नववी हा आपल्याकडे बरीच वर्षं नापास होण्याचा पहिला वर्ग होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला मनाई केली. 2019 मध्ये कायदा बदलला आणि आता आपल्या राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे, तरी खरी गाळणी अजून नववीलाच लागते. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही. त्याच्यामुळे कितीतरी मुली आठवीपर्यंत शाळेत टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यामुळे झालं असं की पाचवीत अपूर्णांक सुटले, सहावीत ऋण संख्या कळल्या नाहीत, सातवीत समीकरण डोक्यावरून गेलं, आणि या सगळ्याचा हिशोब नववीच्या एका निकालात निघाला. घरच्यांना वाटतं, पोरानं या वर्षी अभ्यास केला नाही. कधी कधी त्यानं बिचाऱ्यानं या वर्षीच सगळ्यात जास्त अभ्यास केलेला असतो.

म्हणून दोन प्रकारची मुलं वेगळी ओळखायला शीक.

माझ्याकडे एक मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जायचे, ते उन्हाळ्यात परतायचे. नववीच्या वर्षी तिलाही सोबत नेलं, धाकट्या भावाला सांभाळायला. परत आली तेव्हा अर्धा अभ्यासक्रम तिनं पाहिलेलाच नव्हता. आठवीपर्यंतचं तिचं सगळं पक्कं होतं. तिनं नववी पुन्हा केली, त्या वर्षी आईवडिलांनी तिला मावशीकडे ठेवलं, आणि ती नीट पास झाली. तिच्या बाबतीत नववी पुन्हा करणं हाच बरोबर उपाय होता, कारण तिची नववीच राहिली होती. आणि दुसऱ्या वर्षी तिच्यासाठी काहीतरी बदललं होतं.

दुसरा एक मुलगा रावेरकडचा. त्याला पाचवीपासून भागाकार येत नव्हता. नववीत नापास झाला, पुन्हा त्याच वर्गात बसवला, त्याच तुकडीत, तेच शिक्षक, तीच बहुपदी. जे पहिल्यांदा कळलं नव्हतं ते दुसऱ्यांदा कसं कळणार? त्याच्याहून लहान मुलं शेजारी, मित्र दहावीत. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. पुढे केळीच्या गाड्या भरायला जायचा. ते काम कष्टाचं आहे आणि मानाचं आहे, पण त्यानं ते निवडलं नव्हतं. मागे ठेवलेली मुलं शाळा जास्त सोडतात, हे देशोदेशीच्या अभ्यासांतही दिसलं आहे. आपल्या भागात तर मला ते कोणी सांगावं लागत नाही.

तुझा भाऊ यातला कोणता, हे प्रगतिपुस्तकावरच्या गुणांवरून कळणार नाही. त्यासाठी थोडं काम करावं लागेल, आणि ते तूच करू शकतेस.

सगळ्यात आधी प्रगतिपुस्तकातली हजेरी बघ, महिन्यांनुसार लिहिलेली असते. ऑक्टोबर ते जानेवारी नीट बघ. कापूस वेचणीत किती दिवस गेले, रात्री पाण्याची पाळी असेल तर सकाळी शाळा किती वेळा बुडाली, मध्ये आजारपण होतं का. तू तेव्हा नाशिकला होतीस, तुला हे माहीत नसणार. हजेरी निम्म्यावर आली असेल तर अर्धं उत्तर तिथंच आहे.

मग शाळेत जाऊन उत्तरपत्रिका बघायला माग. नववीची परीक्षा शाळेचीच असते, पेपर शाळेतच पडून असतात. बोर्डासारखा छायाप्रतीचा अर्ज लागत नाही, नम्रपणे विचारलं तर वर्गशिक्षक दाखवतात. कोरी पानं आहेत का, की लिहिलंय पण चुकलंय, की गणितं अर्ध्यापर्यंत बरोबर येऊन पुढे आकडेमोडीत अडकलीत? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. कोऱ्या पानाचं कारण अनेकदा भीती असते.

तिसरं घरी कर, पण सगळ्यांसमोर नको. ओट्यावर, संध्याकाळी, फक्त तुम्ही दोघं. चौथीचं मराठीचं पुस्तक घे (बालभारतीची सगळी पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात) आणि एक पान मोठ्यानं वाचायला सांग. अडखळत असेल, अक्षरं उलटी-पालटी करत असेल, ओळ सुटत असेल तर थांब. आधी डोळे तपासून घ्या. नंतर अध्ययन अक्षमता आहे का ते शासकीय रुग्णालयात विचारा. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत वाढीव वेळ आणि इतर सवलती मिळतात. अशा मुलाला दहा वेळा नववीत बसवलं तरी उपयोग नाही. वाचन नीट असेल तर 875 ला 7 नं भागायला सांग. 1/2 आणि 1/3 ची बेरीज विचार. उणे 7 अधिक 3 किती, ते विचार. जिथं थांबेल तिथं वही बंद कर. ओरडू नकोस, ‘एवढंही येत नाही?’ असं चेहऱ्यावरही आणू नकोस. तुला फक्त धागा कुठं तुटलाय ते शोधायचंय.

आणि विज्ञान त्याच्याशी अहिराणीत बोल. हे मी मुद्दाम सांगते. नववीला धाराविद्युतचा धडा आहे. त्याला विचार की विहिरीवरची मोटर बंद पडते तेव्हा तो काय बघतो, फेज गेलाय हे कसं ओळखतो, फ्यूज का उडतो. तुमच्याकडे स्टार्टर तोच चालू करतो, असं तूच मागे सांगितलं होतंस. घरच्या बोलीत तो हे नीट समजावून सांगू शकला, तर त्याला विज्ञान येत नाही असं म्हणायचं काही कारण नाही. त्याला पुस्तकी भाषेत उत्तर लिहिता येत नाही, एवढंच. आणि त्यावर रोज दोन उत्तरं लिहून घेणं हा इलाज आहे, पूर्ण वर्ष मागे जाणं नाही. आपल्या मुलांना घरची बोली आणि शाळेची भाषा या दोन काठांवर एकाच वेळी उभं राहावं लागतं. बाहेरच्या लोकांना त्याची कल्पना नसते, पण आपल्याला असायला हवी.

गुणांचंही एक बघ. दहावीला एकत्रित उत्तीर्णतेचा नियम आहे. तीन भाषा मिळून 105 आणि प्रत्येकीत किमान 25, गणित-विज्ञान मिळून 70 आणि प्रत्येकात किमान 25. नववीलाही तो लावतात. तुझ्या भावाचे मराठी-हिंदीचे गुण बरे आहेत, म्हणजे इंग्रजीत तो एका गुणानं अडकलाय. मुख्याध्यापकांना भेटून विचार की हा नियम आणि सवलतीचे गुण लावून पाहिलेत का. आणि जूनमध्ये नापासांची फेरपरीक्षा घेणार आहेत का, तेही विचार. बऱ्याच शाळा घेतात, पण पालकांपर्यंत ती बातमी पोचत नाही. भांडायला जाऊ नकोस, विचारायला जा.

आता माझं मत. तू मागितलंस म्हणून देते.

आठवीपर्यंतचं त्याला येत असेल आणि हजेरीच बुडाली असेल, तर या महिन्यात गणित-विज्ञानाची कसून तयारी करून फेरपरीक्षा द्यावी आणि पुढे जावं. फेरपरीक्षा नसेल किंवा सुटली नाही, तर नववी पुन्हा करायला मी हो म्हणेन. पण एका अटीवर, आणि ती अट वडिलांसाठी आहे. कापसाच्या दिवसात शाळेच्या वेळेत वेचणी नाही. रविवारी करील, दिवाळीच्या सुट्टीत करील. हे वडील मान्य करत नसतील तर पुढचं वर्षही याच्यासारखंच जाणार, आणि मग पुन्हा बसवण्याला मी नाही म्हणेन.

धागा पाचवी-सहावीत तुटला असेल, तर मात्र शक्य असेल तितकं त्याला पुढे न्या. ‘कच्चा मुलगा दहावीत कसा टिकेल?’ असं तू म्हणशील. टिकणं अवघड आहेच. पण दहावीला जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं (ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीनं) अकरावीला प्रवेश मिळतो. दहावी सुटली की पुढे आयटीआय आहे, आणि मोटर उघडून बघणाऱ्या पोराला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड आवडेलही. म्हणजे पुढच्या रस्त्यावर पडला तर सावरायला जागा आहेत. नववीत दुसऱ्यांदा पडला तर बहुतेक जण थेट शाळेबाहेर जातात. शाळेनं त्याला पुढे नेलंच नाही, तर ते नववीचं वर्ष नववीसाठी वापरू नका. दिवाळीपर्यंत रोज एक तास पाचवी ते सातवीचं गणित, फक्त तेवढंच.

हा तास तू घेऊ नकोस. फोनवरूनही नको. तुझं प्रेम आहे म्हणूनच सांगते. तुला दहावीला जे गुण पडले ते तो लहानपणापासून ऐकतोय, त्याच्या प्रत्येक चुकीच्या शेजारी तुझी वही ठेवली जाते. गावातला एखादा बारावी झालेला मुलगा, निवृत्त गुरुजी, कोणीही चालेल, ज्याच्याशी त्याची तुलना होत नाही. तू पैसे दे, जमत असेल तर. पण तू एमपीएससीचा क्लास सोडून ते पैसे त्याच्याकडे वळवायचं लिहिलंस, ते करू नकोस. त्याला ते कळेल, आणि मग नापास होण्याच्या लाजेवर तुझ्या त्यागाचं कर्जही चढेल.

आणि त्याला विचार. तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये वडील काय म्हणाले, शाळा काय म्हणाली, मामा काय म्हणाले, सगळं आहे. त्याचं एकही वाक्य नाही. घरात विचारलं तर तो ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणेल. गाडीवर मागे बसवून वावरात घेऊन जा, तिथं विचार. मित्र पुढे गेले तर त्याच वर्गात बसवेल का त्याला? शाळेत त्याला सगळ्यात नकोसा तास कोणता, आणि का? कोणी मारतं का, चिडवतं का? उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना येईल.

सोमवारी शाळेचं ऑफिस उघडं असतं का ते आधी फोन करून विचार, सुट्टीत शिपाईच असतो बऱ्याचदा. जाताना वडिलांना सोबत ने, तू एकटी गेलीस तर मुख्याध्यापक ‘पालकांना पाठवा’ म्हणतील. हजेरी आणि गणिताच्या पेपरचा फोटो मला पाठव. चौथीचं पान त्यानं कसं वाचलं तेही कळव. ते पाहून फेरपरीक्षेसाठी कोणते धडे आधी घ्यायचे ते मी लिहून देते. आईला माझा नमस्कार सांग, आणि सांग की पोऱ्या वाया गेलेला नाही.

तुझ्या
बाई