डी अँड डी 3.5 मध्ये प्रोफेशन स्किलमधून खरंच पैसे मिळतात का, की ते पॉइंट वाया गेले?

"वाया गेले का" हे वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. नाही, वाया गेलेले नाहीत. (नवख्यांसाठी: डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं होऊन खेळायचा खेळ, 3.5 ही त्याची एक एडिशन. प्रोफेशन हे त्यातलं पात्राच्या व्यवसायाचं स्किल; त्यात पॉइंट घातले की रँक मिळतात.)

तुम्ही लिहिलंय की तुमच्या रेंजरने (रानात वावरणारा योद्धा) वनौषधीच्या प्रोफेशनमध्ये रँक घातले, आठवड्याचे 8-9 जीपी (सोन्याची नाणी) मिळतात आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो नियमच तसा आहे. बरोबर आहे त्याचं. चेक, म्हणजे वीस बाजूंचा फासा अधिक तुमचं स्किल, जितका येईल त्याच्या साधारण निम्मे जीपी, आठवडाभर दुसरं काही न करता. पण ही मजुरी झाली, त्यात पोट भरतं. धंद्याचा नफा ही वेगळी गोष्ट आहे, आणि टेबलावर या दोन्हींची सरमिसळ होते म्हणूनच प्रोफेशन बदनाम आहे.

माझी एक क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारं पात्र) होती, समुद्रदेवतेची. इंटेलिजन्स 10, म्हणजे तिसऱ्या लेव्हलपर्यंत मिळून 12 स्किल पॉइंट. त्यातले 6 मी खलाशाच्या प्रोफेशनमध्ये घातले होते. अर्धे! बाकीचे तिघे खेळाडू तेव्हापासूनच म्हणत होते की कॉन्सन्ट्रेशनमध्ये (लढाईच्या धांदलीतही स्पेल, म्हणजे मंत्र, टिकवायचं स्किल) घाल. मी ऐकलं नाही, कारण कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी आमची कथा) किनाऱ्यावरचं होतं आणि ती कोळ्यांच्या घरातली मुलगी होती.

मग एका सेशनला आम्ही चाच्यांचं जहाज जिंकलं. तिघांचं ठरलं होतं की खजिन्याची पेटी उचलायची, होडीत बसायचं आणि निघायचं. मी म्हटलं, थांबा, हे जहाज मी बंदरात नेते. खाली कोंडलेले वीसेक कैदी सोडवले, त्यांना दोरखंड धरायला शिकवलं, आणि दोन आठवडे ते जहाज मी चालवलं. वादळात डीएमने लागोपाठ तीन चेक मागितले, तिन्ही निभावले. तिसऱ्याला सगळं टेबल उभं राहिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच स्पेलने असं झालेलं नाही.

बंदरात पोचल्यावर डीएमने वही काढली. दोन आठवड्यांचं काम, दोन चेक, 22 आणि 18. म्हणजे 11 अधिक 9, तुझे 20 जीपी. आणि जहाज? ते बंदराच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलं. एका वाक्यात.

त्या रात्री मी भांडले आणि हरले, कारण तो पुस्तक उघडून बसला होता आणि माझ्याकडे आकडे नव्हते. नंतर मी तेच पुस्तक घेऊन बसले. शिडाच्या जहाजाची किंमत 10,000 जीपी. त्याला माणसं लागतात 20. वेग ताशी 2 मैल, दिवसरात्र चाललं तर 48 मैल. जहाजाचं प्रवासभाडं मैलाला 1 एसपी (चांदीचं नाणं, दहांचा एक जीपी). शिकलेल्या नोकराची रोजी 3 एसपी. आता दोन दिवसांची एक फेरी धरा, 96 मैल, 20 प्रवासी: 1,920 एसपी, म्हणजे 192 जीपी. खलाशांची मजुरी 12 जीपी. राहिले 180, आणि 150 टन माल मावतो तो अजून मोजलेलाच नाही. यातला एकही आकडा माझ्या मनचा नाही. ज्याच्याकडे खलाशाचे रँक आहेत त्याला हे जहाज चालवता येतं, बाकीच्यांना पेटी उचलता येते.

क्राफ्ट (वस्तू बनवायचं स्किल) घ्यायला हवं होतं असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकू नका. फुल प्लेट हे चिलखत 1,500 जीपीचं, डीसी (चेकने गाठायचा आकडा) 18. दर आठवड्याला चेक 20 आला तरी प्रगती 20 गुणिले 18, 360 एसपी, म्हणजे 42 आठवडे. कच्च्या मालाला 500 घालायचे, आणि विकायला गेलात की निम्मी किंमत, 750. नफा 250. आठवड्याला 6 जीपी पडले! तेवढ्याच चेकवर नुसती मजुरी केली असती तर 10 मिळाले असते. स्वतः वापरायला चिलखत बनवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या रेंजरसाठी रस्ता व्यापारी मालाचा आहे. सापडलेली तलवार निम्म्या किमतीला जाते, पण व्यापारी माल पूर्ण किमतीला जातो, हे पुस्तकातच आहे आणि फार थोडे लोक वाचतात. केशर आणि लवंग पाउंडाला 15 जीपी. मीठ 5 जीपी, चांदीच्या भावाने. तेव्हा डीएमला हाऊस रूल (आपल्या टेबलापुरता वेगळा नियम) मागत बसू नका. त्याला एवढंच सांगा की ठरलेल्या लुटीतला काही भाग अशा गोष्टींत दे ज्या माझ्या रँकशिवाय ओळखू येणार नाहीत. पडक्या मठामागे रानटी झालेला केशराचा वाफा, कुणीतरी गवत समजून तुडवलेला. एकूण लूट तेवढीच राहते, फक्त ती तुमच्या डोळ्यांना दिसते. रोजच्या प्रवासात चेक करून "काही सापडलं का" विचारत राहिलात तर मात्र इतर खेळाडू कंटाळतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

पाचव्या एडिशनमध्ये खेळत असाल तर यातलं थोडंच लागू पडतं. तिथे 2014 च्या पुस्तकाप्रमाणे डाउनटाइममध्ये (दोन साहसांमधल्या रिकाम्या काळात) व्यवसाय केला की साधारण राहणीचा, दिवसाला 1 जीपीचा खर्च सुटतो, बस.

आणि हो, डीएमची भीती खोटी नसते. तिसऱ्या लेव्हलला एका पात्राकडे एकूण 2,700 जीपीची मालमत्ता अपेक्षित असते. 10,000 चं जहाज हातात दिलं तर पुढची लढाई कोण लढणार, असं त्याला वाटलं असेल. प्रवाशांची ने-आण करत महिने काढले असते तर कॅम्पेन बुडालंच असतं, हे मला मान्य आहे. पण मग तसं म्हणायचं. जहाज निम्म्या किमतीला विकू दिलं असतं तर 5,000, चौघांत 1,250, अपेक्षित मालमत्तेच्या निम्म्याहूनही कमी. पुढच्या दोन लुटी जरा हलक्या केल्या असत्या की हिशेब जुळला असता, आणि मला चौथ्या लेव्हलचे दोन्ही पॉइंट गुपचूप कॉन्सन्ट्रेशनमध्ये घालावे लागले नसते.