रक्तदाब नियंत्रणाच्या कार्यक्रमासाठी लॉजिक मॉडेल कसं तयार करायचं? मूल्यमापनात त्याचा उपयोग काय?

लॉजिक मॉडेल म्हणजे साधनं, कामं आणि त्यांतून होणारे बदल चौकटींत मांडून बाणांनी जोडलेला कार्यक्रमाचा आराखडा. तो करताना डावीकडून चौकटी भरायला घेऊ नका. पैसा, माणसं, मशीनं, मग शिबिरं असं लिहीत गेलात तर आधीच ठरलेल्या कामांची यादी तेवढी तयार होते. शेवटच्या परिणामापासून सुरुवात करा आणि ‘हे व्हायला आधी काय झालेलं हवं?’ असं विचारत मागे या. पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके कमी व्हायचे तर रक्तदाब १४०/९० च्या खाली राहायला हवा; त्याआधी गोळ्या नियमित हव्यात, त्याआधी निदान, त्याआधी तपासणी.

सगळ्यात जास्त घोळ आउटपुट (किती काम झालं) आणि आउटकम (त्यातून लोकांत काय बदललं) यांच्यात होतो. वाक्याचा कर्ता बघा. ‘कर्मचाऱ्यांनी इतक्या जणांना तपासलं’ हे आउटपुट. ‘रुग्ण रोज गोळी घेतात’ हे आउटकम. (‘रुग्ण शिबिराला आले’ हे मात्र कर्ता रुग्ण असूनही आउटपुटच.)

खरं काम बाणांवर असतं. प्रत्येक बाणाखाली त्यामागचं गृहीत लिहा. तपासणी ते निदान हा बाण साधा वाटतो, पण एकदाच रीडिंग जास्त आलं म्हणून सहसा निदान होत नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. म्हणजे ‘माणूस परत येईल’ हे गृहीत आलं, आणि गळती नेमकी तिथेच होते. पुढे ‘गोळ्यांचा साठा असेल’ हेही लिहा. हे कागदावर आलं की फोन करून बोलावणं, साठ्याची नोंद ठेवणं ही कामं आपोआप आराखड्यात येतात. त्यासाठी नर्स आणि औषध देणारी माणसं चर्चेला हवीतच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या १९९९ च्या मूल्यमापन चौकटीतही संबंधितांना सामील करणं ही पहिली पायरी आहे, कार्यक्रमाचं वर्णन दुसरी.

मूल्यमापनात प्रत्येक महत्त्वाच्या बाणाला एखादा निर्देशक पुरे. उदाहरणार्थ, नोंदणी झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती टक्के लोकांचा रक्तदाब नियंत्रणात होता? छेदात परत न आलेलेही धरा. फक्त आलेल्यांवर टक्केवारी काढली तर ती फुगते. बेसलाइन (सुरुवातीच्या स्थितीचे आकडे) काम सुरू होण्याआधीच घ्या, नंतर ती मिळत नाही.

निकाल हाती आला नाही तर आधी कामं ठरल्याप्रमाणे झाली का ते बघा. गोळ्याच पोचल्या नसतील तर कल्पना चुकली असं म्हणता येत नाही. गोळ्या पोचल्या, लोकांनी घेतल्या, तरी रक्तदाब उतरला नाही, तर डोस वेळेवर वाढवला गेला का ते तपासा. आणि वर्षभराच्या छोट्या कार्यक्रमात पक्षाघाताचे आकडे मोजत बसू नका. तेवढ्या काळात, तेवढ्या लोकसंख्येत फरक दिसणं अवघड आहे.